झडपेवरचा हात

रेलीन पॅस्कोला 'कुत्रं झोपलंय' असं म्हटलेलं चालत नसे. पेनरोज गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि मी पुढच्या काउंटरवर बसायचे. फोन घ्यायचे, मांजरांच्या मालकिणींची समजूत काढायचे. एखादी बाई हळूच विचारायची, "माझी मिट्सी झोपली का गं?" मी आत डोकावून "झोपली" म्हटलं की आतून लगेच रेलीनचा आवाज यायचा. "झोपलेली नाही, ग्लेनिस. झोपलेल्या मांजराच्या पोटाला सुरी लाव, उठून तुझं तोंड ओरबाडेल. तिला भूल दिलीय, भूल." बाई पांढरीफटक. मी हातानं रेलीनला गप्प बस म्हणून खुणा करतेय आणि ही शांतपणे मिट्सीची पापणी बोटानं चाळवून बघतेय.

नवी नर्स आली की पहिल्या आठवड्यात तिला रडवल्याशिवाय रेलीन राहायची नाही. एकच शब्द सगळीकडे वापरला की तिच्या कपाळावरची शीर उठायची. समजावून सांगायला मात्र तिला गावातली माणसंच पुरायची. "गुंगी म्हणजे काय? शनिवारी पबमधून उचलून आणलेला माझा नवरा, ट्रेव्हर. बोलत नाही, उठत नाही, टाकला तिथे पडून. पण त्याच्या अंगठ्यावर खुर्ची ठेव, मग बघ. सगळं कळतं त्याला. गुंगीच्या इंजेक्शनानं जनावर गप्प होतं, त्याचं दुखणं गप्प होत नाही." बधिर करणं म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे बसलेली तू, जबडा तेवढा तुझा नाही आणि बाकी सगळी चहाड्या करायला तयार. वेदनाशामक दिलं की जनावर जागंच असतं, फक्त दुखण्याची धार बोथट होते. आणि भूल म्हणजे शुद्ध नाही, वेदना नाही, हालचाल नाही, मागाहून आठवण नाही. "म्हणजे त्या जिवाजवळ आपलं असं काही उरलेलंच नाही," ती म्हणायची. "श्वाससुद्धा तो तुझ्या भरवशावर घेतोय. तेव्हा हा शब्द तोंडातून काढताना जरा जपून."

पोरी म्हणायच्या, म्हातारी खडूस आहे. खडूस होतीच. पण त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. ती शाळेत असताना तिच्या वडिलांची घोडी काटेरी तारेत अडकून छातीपासून फाटली होती. त्या वेळच्या डॉक्टरनं गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि तेवढ्यावरच सगळी जखम शिवली. घोडी मान खाली घालून उभी. बाप्ये म्हणत होते, बघा, काही कळत नाहीये तिला. रेलीन घोडीच्या तोंडाशी दोर धरून उभी होती, तिला खालून दिसत होतं. ओठ थरथरत होता आणि घाम धारेनं जमिनीवर पडत होता. "ती ओरडू शकत नव्हती एवढंच," रेलीननं मला सांगितलं होतं, "आणि सगळे खूश होते की ओरडत नाहीये."

ट्रेव्हर खाणीवर कामाला म्हणून उत्तरेला गेला तो तिकडचाच झाला. रेलीन धक्क्याजवळच्या दगडी घरात एकटी राहायची, सोबतीला बाटलीनं वाढवलेली एक मेंढी. ती आता चांगली धष्टपुष्ट झालेली आणि तिला स्वयंपाकघरात यायची सवय. सुट्टीच्या दिवशी रेलीन धक्क्यावर बसून माकूळ पकडायची आणि कुणी शेजारी येऊन बसलं तर बादली उचलून पलीकडे जायची. माणसांत तिला फारसं काही दिसलं नाही. भूल दिलेल्या जनावराशेजारी मात्र तिचा चेहराच बदलायचा. हात इतके हलके, की तिला माणसांशी बोलताना ऐकलेल्याला खरं वाटू नये.

तिचा एक नियम होता आणि तो अख्ख्या गावाला पाठ होता, कारण प्रत्येक नव्या नर्सनं तो पबमध्ये बसून रडत रडत सांगितलेला होता. भुलीच्या यंत्राला एक रबरी पिशवी असते. जनावराच्या श्वासनलिकेत नळी घालतात, ती या यंत्राला जोडतात. यंत्रातून प्राणवायू आणि भुलीचा वायू सतत येत असतो आणि जास्तीचा निघून जायला एक झडप असते. नळीच्या बाजूनं हवा गळते का हे बघायला ती झडप थोडा वेळ बंद करायची, पिशवी दाबायची, जनावराच्या तोंडाशी कान न्यायचा. फुसफुस ऐकू आली तर नळीभोवतीच्या फुग्यात हवा भरायची, आणि झडप लगेच उघडायची. रेलीनचा नियम असा, की झडप बंद करणारा हात ती उघडेपर्यंत तिच्यावरून निघणार नाही. "छताला आग लागली तरी नाही. राणी आली तरी नाही. नाकाला खाज सुटली तर दुसऱ्या हातानं खाजव."

हे सगळं घडलं त्या उन्हाळ्याआधी जवाच्या गवताला कुसळं फार आली होती. आमच्याकडे ती दरवर्षीच येतात, पण त्या वर्षी कुत्र्यांचे पाय, कान, नाकं, काही सोडलं नाही त्यांनी. कुसळ एकदा कातडीत शिरलं की मागे येत नाही, आत आतच सरकतं. क्लॅरी नॅनकिव्हेलच्या कुत्रीच्या, डॉटच्या, पुढच्या पायात असंच कुसळ शिरलं होतं. बोटांमधून शिरलेलं ते कोपरापर्यंत चढलं होतं आणि पाय सुजून दुप्पट झाला होता.

क्लॅरी म्हातारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरंबाळं नाहीत. थोडी मेंढरं आणि ही डॉट. तांबूस रंगाची, मेंढरं राखणाऱ्या केल्पी जातीची, कपाळावर पांढरा ठिपका. ती मेंढरं वळायची ते बघायला लोक कुंपणाशी गाडी थांबवत. क्लॅरी तिच्याशी जेवढं बोलायचा तेवढं माणसांशी बोलला असता तर आमदार झाला असता. सकाळी ऑपरेशनसाठी तिला सोडायला आला तेव्हा मी विचारलं, "क्लॅरी, रात्रीपासून उपाशी आहे ना ती?" तर म्हणाला, "हो हो," आणि माझ्याकडे न बघता टोपी घालून निघून गेला.

उपाशी ठेवतात ते एवढ्यासाठी, की भूल चढताना पोटातलं वर आलं तर ते श्वासनलिकेत उतरतं. हे क्लॅरीला रेलीननंच आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं.

दुसरी नर्स त्या दिवशी रजेवर होती, म्हणून मी आत मदतीला. लॉइड, म्हणजे आमचा डॉक्टर, पलीकडच्या खोलीत हात धूत होता. डॉटला आधी गुंगीचं इंजेक्शन देऊन झालं होतं, मग शिरेतून भूल चढवली. रेलीननं जबड्याची ओढ बघितली, पापणी बघितली, नळी घातली. "चल, ग्लेनिस, सिरिंज धर." तिनं झडप बंद केली. डावा हात झडपेवर, उजव्यानं पिशवी दाबली, कान डॉटच्या तोंडाशी. "गळतंय. भर थोडी हवा."

आणि मागचं दार उघडलं.

आमच्या गावात पुढच्या दारानं कुणी येत नाही. पुढचं दार पाहुण्यांसाठी आणि पोलिसांसाठी. ओळखीचा माणूस मागून येतो, टकटक करत नाही, सरळ आत शिरतो. दवाखान्याचंही तेच, आणि आमचं मागचं दार या खोलीतच उघडायचं. दारात क्लॅरी. टोपी हातात पिळून पिळून तिची चिंधी झालेली.

"रेलीन, मी तिला बेकरीतली मांसाची पेस्टी घातली. सकाळी. कडेचा तुकडाच, जास्त नाही. ती रोज बघत बसते गं, मला राहवलं नाही. गाडीत बसलो पण निघवेना."

रेलीनचा हात झडपेवरून निघाला.

मी तो निघताना बघितला. तिनं डॉटचं डोकं टेबलाच्या कडेवरून खाली ओढलं, मला ओरडून म्हणाली, "भर, भर, सगळी भर," आणि घशातलं ओढून काढायची नळी घ्यायला वळली. मी फुग्यात हवा भरली, फुसफुस थांबली. तिनं डॉटचा घसा दिवा लावून तपासला, नळी फिरवली. काही नाही, कोरडा, स्वच्छ. क्लॅरी पुढेच येत होता, "वाचेल ना? वाचेल ना?" करत. रेलीननं त्याला दोन्ही हातांनी धरून दाराबाहेर नेला, "बाहेर थांबा, क्लॅरी, सगळं ठीक आहे, काही झालेलं नाही," म्हणाली आणि कडी लावली. वळली. मला अजून तिचा तो सुटकेचा चेहरा दिसतो.

पिशवी चेंडूसारखी टणक झाली होती. डॉटची छाती वर गेलेली आणि तिथेच अडकलेली.

रेलीननं झेप घेऊन झडप उघडली. फस्स करून सगळं बाहेर आलं. पण जीभ आधी राखाडी, मग निळी. "लॉइड!" तो ओल्या हातांनी धावत आला, छाती दाबायला लागला. मी इंजेक्शनं काढून देत होते, रेलीन श्वास देत होती, मोजत होती, परत देत होती. डॉटच्या मानेवर हात ठेवला तर कातडीखाली कुरकुर वाजत होती. फाटलेल्या फुप्फुसातली हवा तिथवर आली होती. फार वेळानं लॉइडचे हात थांबले.

"झडप?" त्यानं विचारलं.

"बंद राहिली," रेलीन म्हणाली. "मी हात काढला."

लॉइड वाईट माणूस नव्हता. त्यानं कितीतरी शेतकऱ्यांच्या गाईंचं बाळंतपण चिखलात झोपून केलंय. पण त्या दिवशी तो बाहेर जाऊन जे बोलला त्याबद्दल मी त्याला आजवर माफ केलेलं नाही. मी त्याच्या मागोमाग होते. क्लॅरी पायरीवर बसला होता. लॉइड म्हणाला, "क्लॅरी, फार वाईट वाटतंय मला. भुलीत तिचं हृदय थांबलं." क्लॅरीनं वर बघितलं. "पेस्टीमुळे?" लॉइडनं हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. म्हणाला, "पोटात अन्न असलं की धोका वाढतो, हे खरंच आहे." वाक्य खरं होतं. त्या वाक्याइतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

क्लॅरीनं डॉटला आपल्या कोटात गुंडाळलं आणि गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं. मागे कधी ठेवलंच नाही म्हणाला.

रेलीन हात पुसत त्याच्यामागे निघाली होती. लॉइडनं तिला चहाच्या खोलीच्या दारात अडवलं. "काय सांगणारेस? कुत्री परत येणार आहे? म्हातारा उद्या वकील गाठेल, परवा हा दवाखाना बंद. तू, मी, ग्लेनिस, सगळे घरी. आणि मी खोटं काय बोललो? घातलीच होती ना त्यानं पेस्टी?"

"पेस्टीचा काही संबंध नाही, लॉइड. घसा कोरडा होता."

"मला माहितीय. तुला माहितीय. पुरे."

रेलीन गप्प बसली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि नंतरही. हे मी झाकून ठेवणार नाही. मला तिचा राग आला होता. इतकी वर्षं शब्दाशब्दावरून आमची सालं काढणारी ही बाई, आणि खरा शब्द बोलायची वेळ आली तेव्हा हिचीच वाचा गेली. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती नळ्या घासत होती, म्हणाली, "हो," आणि घासत राहिली. भूल द्यायच्या कामाला तिला आता वेळ लागायचा. जबडा बघताना, पापणी बघताना नाही. झडपेला हात लावताना. पिशवी हातात घेतली की ती मोठ्यानं स्वतःशीच बोलायची, "बंद. हात इथे. उघडली. उघडली." नवी पोरगी हसायची, मी डोळे वटारायचे.

तिकडे क्लॅरी वाळत चालला होता. गावात जो भेटेल त्याला सांगायचा, "एका तुकड्यापायी मी माझी डॉट मारली." आधी लोकांनी समजूत काढली, मग विषय बदलायला लागले, मग तो दिसला की रस्ता बदलायला लागले. बेकरीत त्याला बघून पोरीनं सवयीनं पेस्टी पुढे केली तर तो दुकानातून बाहेर पळाला. मेंढरं काढून टाकली, सगळी. कुत्र्याशिवाय कोण वळणार, म्हणाला. दुसरं पिल्लू घे म्हणून त्याच्या पुतण्यानं एक आणून दाखवलं तर त्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही. "माझ्या हातचं खाऊन मरेल ते."

मग तो पुतण्या एक दिवस मांजर घेऊन दवाखान्यात आला होता, तेव्हा काउंटरवर वाकून मला म्हणाला, "काकाच्या बंदुकीचा बोल्ट मी काढून नेलाय, ग्लेनिस, आता ती झाडता येणार नाही. कुणाला सांगू नकोस. स्वयंपाकघराच्या टेबलावर पडलेली असायची. कोल्हे येतात म्हणे. मेंढरं नाहीत तर कोल्हे कशाला येतील?"

मी आत जाऊन रेलीनला सांगितलं. कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, पण तिला नाही सांगायचं तर कुणाला? ती टेबल पुसत होती. पुसायची थांबली.

"तो ओरडत नाही म्हणून आपण सगळे खूश आहोत," ती म्हणाली. मग म्हणाली, "काम संपलं की मला त्याच्याकडे सोड. माझी गाडी गॅरेजात आहे."

वाटेत जवाची शेतं कापून झालेली, धूळ नुसती. ती सीटच्या कडेला बसली होती. "मी जे बोलेन ते ऐकायचं," तिनं मला बजावलं. "मध्ये तोंड घालायचं नाही. काहीही झालं तरी."

"बरं."

"तुझं 'बरं' मला चांगलं माहितीय."

आम्ही मागच्या दारानं गेलो. क्लॅरी टेबलाशी बसला होता, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "या, पोरींनो," तो म्हणाला, "बिस्किटं नाहीत घरात. काहीच नाही."

"मी बसत नाही, क्लॅरी," रेलीन म्हणाली. "डॉट पेस्टीनं गेली नाही. मी मारली तिला."

त्याचे डोळे भरून आले. "तू चांगली बाई आहेस गं. लोक म्हणतात तशी नाहीस. पण असलं खोटं बोलू नकोस माझ्यासाठी. पाद्रीबाईही येऊन गेल्या, त्याही म्हणाल्या, तुझी चूक नाही म्हणून."

ती खरं सांगायला आली होती आणि त्यानं ते भीक म्हणून ओंजळीत घेतलं होतं. रेलीनच्या कपाळावरची शीर उठली. ती पुढे झाली, दोन्ही हात टेबलावर टेकले.

"पाद्रीबाई तिथे नव्हत्या. मी होते. तिचा घसा कोरडा होता, मी दिवा लावून बघितला. पेस्टी पोटातच होती आणि पोटातच राहिली. यंत्राची झडप मी बंद केली आणि उघडायला विसरले. हवा आत जात राहिली, बाहेर पडायला वाट नाही. तिचं फुप्फुस फाटलं. तुम्ही तिला पुरलंत तेव्हा मानेवरून हात फिरवला असेल. कातडीखाली कुरकुर वाजत होती ना?"

क्लॅरीचा हात टेबलावर हलला, काहीतरी कुरवाळत असल्यासारखा. "हो," तो म्हणाला. "मला वाटलं, पाला लागलाय अंगाला."

"ती हवा होती. मी भरलेली."

हळूहळू म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रक्त चढायला लागलं. कितीतरी महिन्यांत त्याच्या तोंडावर रंग बघितला नव्हता मी.

"तू तर हात काढत नाहीस," तो म्हणाला. "अख्ख्या गावाला माहितीय तुझा तो नियम. छताला आग लागली तरी."

"त्या दिवशी काढला."

"का?"

मी जमिनीकडे बघितलं. लिनोलियमवर डॉटच्या नखांचे ओरखडे होते, दारापासून त्याच्या खुर्चीपर्यंत.

"फोन वाजला," रेलीन म्हणाली. "तुम्ही बाहेर गेल्यावर. ग्लेनिसचे हात अडकलेले होते, मी घ्यायला गेले."

"फोन."

"हो."

"एका फोनासाठी?" तो उठला. खुर्ची मागे पडली. "मी इथे रोज रात्री... आणि तू सगळा उन्हाळा गप्प? बेकरीत माझ्या मागे उभी होतीस तू! गुड मॉर्निंग म्हणालीस मला!"

"हो."

"निघ. माझ्या घरातून निघ. तुझं तोंड बघायचं नाही मला."

आम्ही निघालो. मागून बशी फुटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवलीच नाही. "फोन कुठे वाजला होता गं?" मी म्हटलं. "कुठला फोन? तो दारातून आत आला, म्हणून तू..."

"गप्प." इतक्या जोरात म्हणाली की मी दचकलेच. मग आवाज खाली आणला. "मागच्या दाराचं त्याला कळलं तर मी आज इथे आले कशाला? तो खरं सांगायला आला होता, ग्लेनिस. गाडीतून उतरून परत आला होता बिचारा. ते त्याला कधी कळता कामा नये. मी मेल्यावरसुद्धा नाही. तू मेल्यावरसुद्धा नाही."

"मी मेल्यावर कशी सांगणार?"

"तुझा भरवसा नाही." आणि ती हसली. मग हसता हसता रडायला लागली. रेलीनला रडताना मी तेवढंच बघितलं.

पुढचं सगळं भराभर झालं. क्लॅरीनं दाढी केली, बटणं नीट लावली आणि गावभर जाऊन सांगितलं. लॉइडनं आश्चर्य वाटल्याचा चेहरा केला. 'माझ्यापासून लपवलं तिनं' असं त्यानं कुणाकुणाला सांगितलं, आणि रेलीननं ते खोडून काढलं नाही. तिला काढून टाकलं. मी नोकरी सोडली, पण त्यात माझा मोठेपणा नाही, मला त्याचं तोंड बघवेना. आमच्याकडे टकल्याला 'कुरळ्या' म्हणतात, लंबूला 'बुटक्या'. सगळ्यांना टोपणनावं. रेलीनला आता लोक 'झडप' म्हणायला लागले. पोरं धक्क्यावर तिच्यामागून फस्स असा आवाज काढून पळायची. ती बादली उचलून पलीकडे जायची. कॅरव्हॅन पार्कच्या न्हाणीघरांची सफाई एवढं काम तिला मिळालं, आणि ते ती तशीच चोख करायची. मीठमिरची न लावता सांगते, जनावराला हात लावायला तिला कुणी पुन्हा दिलं नाही.

क्लॅरीनं मात्र पिल्लू घेतलं. मग मेंढ्या घेतल्या. बेकरीत त्याचा आवाज पुन्हा रस्त्यापर्यंत ऐकू यायला लागला. रेलीनला मी ते सांगायचे तेव्हा ती विचारायची, "खातो का नीट?" मी "खातो" म्हटलं की पुढे काही नाही.

काही वर्षांनी तिला पोटाचा कर्करोग झाला. उशिरा कळला. शेवटी इस्पितळात मी शेजारी बसले होते. एक तरुण डॉक्टर आला आणि गोड आवाजात म्हणाला, "आता आम्ही तुम्हाला आराम वाटेल असं काहीतरी देतोय." ती डोळेही न उघडता म्हणाली, "काहीतरी म्हणजे काय? गुंगी की वेदनाशामक? नीट सांग. मला गप्प करायचंय की दुखणं गप्प करायचंय?" त्यानं नीट सांगितलं. ती म्हणाली, "मग दे." दोन्ही दिलं त्यांनी. मी तिचा हात धरून बसले, आणि तिच्या ओठाकडे बघत राहिले. थरथरत नव्हता.

दफनाला आम्ही मोजकी माणसं होतो. पाद्रीबाईंनी पटकन उरकलं.

त्यानंतरच्या आठवड्यात शेतीसामानाच्या दुकानाबाहेर क्लॅरी भेटला. खूप म्हातारा झालाय, पण गाल भरलेले, टोपी नवी. गाडीच्या मागे त्याचा कुत्रा उभा, शेपटी हलवत. मी मान हलवून पुढे जायला लागले तर त्यानं हाक मारली.

"रेलीन गेली म्हणे."

"हो."

"मी आलो नाही. खोटं कशाला बोलू, ग्लेनिस, मनच झालं नाही. माझी डॉट मारली तिनं. तिनं स्वतः येऊन सगळं सांगितलं, तरी मला माफ करवत नाही तिला."

"कळतं मला."

तो कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिला. "एक विचारू? कित्येक वर्षं डोक्यात आहे. तू होतीस ना तिथे. तो फोन कुणाचा होता? ज्यानं केला, त्याला कधी कळलं तरी का, की त्याच्यापायी माझी कुत्री गेली?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मला ते थुंकून टाकायचं होतं, त्याच्या त्या नव्या टोपीवर. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो उत्तराची वाट बघत होता, लहान पोरासारखा तोंड वर करून.

"राँग नंबर होता, क्लॅरी," मी म्हटलं.